हॉलमधली निरीक्षण विहीर

मी भूजलाच्या खात्यात आहे. मावळातल्या काही ठरलेल्या विहिरींचं पाणी मी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. या विहिरींना आम्ही निरीक्षण विहिरी म्हणतो. काम तसं सोपं आहे. टेपच्या टोकाला पितळी वजन असतं. कठड्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण असते, तिथून टेप खाली सोडायची, वजन पाण्याला टेकलं की डुबुक असा बारीक आवाज येतो, तेव्हा आकडा वाचायचा. नियम दोन. खूण बदलायची नाही, आणि मोजण्याआधी काही तास विहिरीतून कुणी पाणी काढायचं नाही.

टाकवे बुद्रुकच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला अशी एक विहीर माझ्या वाट्याला होती. तिच्या नोंदी मी शाळेत होते तेव्हापासूनच्या. विहिरीची मालकीण एक म्हातारी मावशी. नवरा गेलेला, मुलगा जवळच्या कंपनीत पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात शेती करायचा. मी स्कूटर बांधावर लावून टेप सोडायला लागले की मावशी शेतातून हाक मारायच्या, "किती झालं गं?" मी आकडा सांगायचे. त्या म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं. हाय का न्हाई तेवढं सांग." मी म्हणायचे, आहे. मग त्या पुन्हा खुरपायला वाकायच्या. तीन वर्षं आमचं एवढंच बोलणं होतं.

चौथ्या वर्षी मे महिन्यात त्या म्हणाल्या, विहिरीभोवतीचा तुकडा विकायचा चाललाय, लोणावळ्याची माणसं आहेत, चांगली आहेत. मी म्हटलं, विहीर बुजवणार नाहीत ना? "बुजवत्यात कशी? पानी मी इकलं न्हाई. कागदात लिवलंय तसं."

ऑक्टोबरमध्ये गेले तर बांध नव्हता, विहीरही नव्हती. तिथे पाच महिन्यांत घाईने उभं राहिलेलं, कौलारू छपराचं एक नवंकोरं घर होतं. मी स्कूटरवर बसूनच दोनदा नकाशा पाहिला. शेवटी बेल वाजवली. साठी ओलांडलेल्या एक बाई दार उघडून उभ्या राहिल्या. नंतर कळलं की त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या क्षणी नुसत्या उभ्या राहण्यावरूनही तो अंदाज आला होता.

मी म्हटलं, "मी विहीर मोजायला आलेय. इथे एक विहीर होती."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा."

विहीर हॉलमध्ये होती. ईशान्येच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या पाठीमागे, पूर्ण गोल आणि जशीच्या तशी. कठड्याला काळा ग्रॅनाइट लावला होता, वर कप्पी आणि दोर होता, आणि आत पाण्यापर्यंत उजेड पडावा म्हणून दोन दिवे बसवले होते. शेजारी टीव्ही चालू होता. मोज्यांवर उभी राहून मी आत डोकावले. पाणी ओळखीचं होतं. पांढरी खूण मात्र कुठेच नव्हती.

बाईंचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी पहिल्याच दिवसापासून काका म्हणायला लागले. त्यांनी मला सगळं क्रमाने सांगितलं. प्लॉट अरुंद, मागे डोंगराचा उतार, पुढे रस्त्यापासून सोडायची जागा. घर बांधता येईल असा सपाट भाग एकच होता आणि त्याच्या मधोमध विहीर. त्यांनी सौदा मोडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात बाईंच्या भावाने एका वास्तुवाल्यांना आणलं. त्यांनी होकायंत्र ठेवून पाहिलं आणि म्हणाले, पाणी ईशान्येला हवं. घर विहिरीच्या बाजूला बांधू नका, विहीर घराच्या आत, ईशान्येला येईल असं बांधा. आर्किटेक्टने तसं काढून दिलं. "आर्किटेक्ट इतके खूश झाले," काका म्हणाले, "की फी वाढवून घेतली."

मला वास्तूशी कर्तव्य नव्हतं, मला खूण हवी होती. जुन्या कठड्यावर किती बांधकाम चढलं ते कळल्याशिवाय माझा आकडा मागच्या आकड्यांशी जुळणार नव्हता. काकांनी गवंड्याचा फोन दिला. तो कान्हे फाट्याजवळ दुसऱ्या कामावर होता, म्हणून मी तिकडे गेले.

"तुमची पांढरी खूण व्हय?" तो म्हणाला. "पुसली न्हाई मी. सरकारी दिसली. तिच्यावरच चार विटा चढवल्या आन् वर दगड."

"चार विटा म्हणजे नक्की किती?"

त्याने थापी बाजूला ठेवली, चार विटा एकावर एक रचल्या, मध्ये बोटाएवढा माल आहे असं धरा म्हणाला, आणि मी त्या ढिगाला टेप लावली. ग्रॅनाइटची जाडी फोनवर काकांनी मोजून सांगितली. त्या दिवसापासून त्या विहिरीच्या प्रत्येक नोंदीतून मी कान्हे फाट्यावरच्या चार विटा वजा करते.

त्याच संध्याकाळी खूण पुन्हा रंगवायला मी परत आले होते. बाईंनी ग्रॅनाइटवर पांढरा ऑइलपेंट लावायला नकार दिला. शेवटी कठड्याच्या आतल्या बाजूला, पाहुण्यांना दिसणार नाही अशी, एक लहान रेघ मंजूर झाली. मी ती ओढत असताना दार उघडं होतं तिथून मावशी आत आल्या. डोक्यावर रिकामा हंडा. त्यांनी पायपुसण्यावर पाय घासले आणि दारापासून विहिरीपर्यंत अंथरलेल्या प्लास्टिकच्या चटईवरून त्या सरळ कठड्याशी गेल्या. कप्पीवर पोहरा सोडला, हंडा भरला आणि तशाच परत गेल्या. बाई सोफ्यावर बसून मालिका बघत होत्या. फक्त मावशी टीव्हीसमोरून जात होत्या तेवढा वेळ त्यांनी मान कलती केली.

"रोज येतात?" मी विचारलं.

"रोज सहा वाजता," बाई म्हणाल्या. "खरेदीखतात पाण्याचा हक्क त्यांचा आहे. आम्हीच सही केलीय."

मी निघाले तेव्हा मावशी फाटकाबाहेर झेंडूच्या रोपांना हंडा ओतत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुमच्या घरी नळ आलाय की.

"आलाय. चांगलं पानी येतं."

"मग हे कशाला?"

"न्हाई काढलं तर हाक्क पडून ऱ्हायतो. उद्या कुणी म्हनंल, म्हातारी कुटं येती. मग लिवलेल्याचा काय उपेग?"

पाण्याचा हक्क हंड्यापुरता नव्हता. मागे उरलेल्या शेताची मोटरही त्याच विहिरीत होती. पाइप टीव्हीखालून भिंतीबाहेर जात होता आणि स्टार्टरची पेटी आर्किटेक्टने शोकेसमध्ये बसवली होती, एका बाजूला काचेचे हत्ती, दुसऱ्या बाजूला बाईंना निरोप समारंभात मिळालेलं मानचिन्ह. शेतीची वीज आली की मावशींचा मुलगा कंपनीतून फोन करायचा, "काका, जरा हिरवं बटन दाबता का?" मग दोन तासांनी लाल. मोटर सुरू झाली की हॉलमध्ये बोलणं ऐकू यायचं नाही. काका हळूहळू त्यात रमले. एका वहीत ते मोटर चालू-बंद केल्याच्या वेळा लिहायला लागले, शेजारी पाण्याचा अंदाज आणि शेरा. जानेवारीत मी गेले तर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मावळातल्या कुठल्याच विहिरीचा उपसा इतका नीट कुणी लिहून ठेवलेला मी पाहिला नव्हता.

अडचण ऑफिसात आली. आमच्या फॉर्मवर विहिरीचं ठिकाण लिहायचा रकाना आहे: शेत, गावठाण, रस्त्याकडेला, इतर. मी ‘इतर’वर खूण करून पुढे ‘दिवाणखाना’ लिहिलं. पंधरा दिवसांनी वरून कागद आला. सदर विहीर घरात आहे की घर विहिरीवर आहे, याचा स्पष्ट खुलासा करावा. मी लिहिलं, विहीर पूर्वी होती तिथेच आहे, घर नंतर आलं आहे. पुन्हा कागद आला. सदर विहीर मोकळ्या जागेत हलवणे शक्य आहे किंवा कसे. हा प्रश्न कुणी विचारला ते मी शोधलं नाही. विहीर हलवणे शक्य नाही, एवढं लिहून मी फाइल पुढे पाठवली.

आमचे साहेब स्वतः बघायला आले. त्यांनी बूट काढले, कठड्याभोवती एक फेरी मारली, चहा घेतला, काकांची वही अर्धा तास वाचली. वाटेत गाडीत मला म्हणाले, "इतक्या वर्षांची नोंद आहे. खंड पाडायचा नाही. मोजत राहा." आणि थोड्या वेळाने, "हॉल थंड आहे, नाही?"

मे महिन्यात खरा पेच पडला. बाईंची मुलगी परदेशात असते, ती तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पुढल्या हिवाळ्यात येणार होती. त्या मुलाच्या धास्तीने बाईंनी विहिरीवर जाड काच बसवून घेतली, कडेने स्क्रू लावून. मला आधी फोन केला होता, म्हणून माझ्या वजनासाठी काचेला एक लहान भोक ठेवलं होतं. माझ्या मापाचं भोक ठेवल्याबद्दल मी आभारही मानले. मावशींचं काय, हे आमच्या दोघींच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी सहाला मावशी हंडा घेऊन आल्या, काचेवर हात फिरवला, आणि आल्या तशा गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये बैठक भरली. सरपंच आल्या होत्या, दोन सदस्य होते, मावशींचा मुलगा रजा टाकून आला होता. मला बोलावलं होतं ते तटस्थ म्हणून. सगळे मोज्यांवर किंवा अनवाणी काचेभोवती बसले. खालचे दिवे लागलेले होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे हनुवटीकडून उजळले होते.

सरपंच म्हणाल्या, "बाई, तुमची काळजी बरोबर हाय. पन हाक्काचं काय करायचं?"

"मी रोज पाणी काढून देते की," बाई म्हणाल्या. "स्क्रू काढून."

"तुमी दिलं तर ते तुमचं पानी झालं," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "हिला भोक ठेवलंय. सरकारला भोक आन् मला काच?"

सरपंचांनी मला विचारलं, भोक मोठं केलं तर मोजण्यात काही फरक पडेल का. मी म्हटलं, नाही. मग देहूरोडच्या काचवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, ही भट्टीत कडक केलेली काच आहे, आता हिला भोक पाडायला गेलं तर सगळीचा चुरा होईल. नवी करावी लागेल, माप आधी द्या. मावशींनी हंडा पुढे सरकवला. त्याने हंड्याच्या पोटाला टेप गुंडाळली.

"हंडा कशाला?" काका म्हणाले. "काचेतून पोहरा गेला की झालं. हंडा वरच भरतात."

"कप्पी मोडली तर हंडाच सोडावा लागतो दोराला," मावशी म्हणाल्या. "आन् ह्यो बारका हाय. लग्नकार्याला मोटा लागतो."

मुलगा घरून मोठा हंडा घेऊन आला. त्याचंही माप घेतलं. मग बाईंनी उठून त्या मापाचं वर्तुळ खडूने फरशीवर काढलं, शाळेत काढत असतील तसं, दोरा धरून, आणि सगळ्यांना म्हणाल्या, "यातून माझा नातू सहज जाईल. मग काचेचा उपयोग काय?"

"झाकण करा," सरपंच म्हणाल्या.

"झाकण मुलं उघडतात."

"कुलूप लावा."

असं करत दुपारपर्यंत ठरलं. नव्या काचेला मोठ्या हंड्याएवढं भोक, भोकाला स्टीलचं झाकण, झाकणाला कुलूप, कुलपाच्या तीन चाव्या. एक बाईंकडे, एक मावशींकडे, एक शासनाकडे. शासन म्हणजे मी. ऑफिसात साहेबांनी विचारलं, ही चावी कुठे ठेवायची. कपाटाची चावी साहेबांच्या खणात असते, खणाची शिपायाकडे, आणि शिपाई बऱ्याचदा रजेवर. म्हणून ती माझ्या स्कूटरच्या चावीला अडकवली, आणि ‘ताब्यात मिळाली’ म्हणून मी माझ्यापुढेच सही केली. मावशींनी त्यांची चावी कनवटीला लावली. सहा वाजता येऊन कुलूप उघडायचं, हंडा भरायचा, कुलूप लावून ओढून बघायचं आणि जायचं.

डिसेंबरअखेर नातू आला. आठ दिवस होता. काच, झाकण, कुलूप, आतले दिवे, यांतल्या कशाकडेही त्याने पाहिलं नाही. त्याला शोकेसमधली दोन बटणं दिसली. हिरवं दाबलं की घर थरथरतं आणि लाल दाबलं की थांबतं, हे त्याने पहिल्याच सकाळी शोधून काढलं. पेटीला कुलूप लावावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळं कुलपाचं डोकं विहिरीत खर्च झालं होतं. जानेवारीत मी मोजायला गेले तर पाणी एवढं खाली की मला टेपचीच शंका आली. काकांनी वही दिली. चार पानं एकाच मजकुराने भरली होती. नातू, चालू. नातू, बंद. नातू, चालू.

मावशींच्या मुलाने त्या वर्षी हरभरा केला होता. हरभऱ्याला एवढं पाणी सोसत नाही, अर्ध्याहून जास्त शेत पिवळं पडलं. काका माफी मागायला गेले. मावशी म्हणाल्या, "लेकरानं पानी पाजलं. त्याला काय बोलायचं, सायेब." तरी त्या महिनाभर बाईंच्या हॉलमध्ये येताना पायपुसण्यावर पाय घासत नव्हत्या, असं बाईंनी मला सांगितलं.

मार्चमध्ये मावशी पडल्या. हॉलच्या टाइलवर नाही, त्या भीतीने तर चटई होती. स्वतःच्या गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळल्या. पाय प्लास्टरमध्ये गेला. मला हे माहीत नव्हतं. नेहमीसारखा मी आदल्या दिवशी दोघींना फोन केला होता, उद्या सकाळी मोजायचंय, आज संध्याकाळी हंडा काढू नका. मावशींचा फोन सुनेने घेतला आणि बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये पोचले तर बाई कठड्याशी उभ्या, हातात दोर, साडीचा पदर खोचलेला. हंडा जवळजवळ भरला होता.

"बाई, आज पाणी काढायचं नव्हतं," मी म्हटलं.

"काल संध्याकाळी काढलं नाही ना. म्हणून आज सकाळी."

"तसं नाही, मोजायच्या आधी कुणीच काढायचं नसतं. तुम्हाला माहितीय."

"मी कुठे काढतेय?" बाई म्हणाल्या. "त्या काढतायत. मी फक्त दोर ओढतेय."

मी टेप खाली ठेवली. तेव्हा त्यांनी सांगितलं. मावशींना दीड महिना चालता येणार नव्हतं. मुलगा आणि सून, दोघंही कामावर. म्हणून पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेने त्यांची चावी आणून दिली. बाईंजवळ स्वतःची चावी होतीच. पण त्या मावशींच्याच चावीने कुलूप उघडायच्या, कारण स्वतःच्या चावीने उघडलं असतं तर ते बाईंचं पाणी झालं असतं. हंडा मावशींचा, चावी मावशींची. मग काका गाडी काढत, बाई मागच्या सीटवर हंडा मांडीशी धरून बसत, आणि पाणी मावशींच्या दारात पोचतं करत. तिथेही नळ होता आणि त्याला पाणी होतं.

"एक हंडाही चुकवला नाही," काका वहीत बघून म्हणाले. त्यांनी ते लिहून ठेवलं होतं.

मी तीन तास थांबले, पाणी परत चढू दिलं, मग मोजलं. बाईंनी मला जेवायला वाढलं. टीव्ही बंद ठेवला.

परत जाताना मावशींकडे डोकावले. त्या ओसरीवर खाटेवर होत्या, पाय उशीवर, शेजारी हंडा. मी विचारलं, कसं आहे.

"रोज हंडा चार बोटं कमी भरती ती," त्या म्हणाल्या.

"गाडीत हिंदकळतं मावशी. काठोकाठ भरला तर सीटवर सांडतं."

"मला ठावं हाय. तरी सांग तिला."

मी मोबाइलवरून बाईंना कळवलं. बाई म्हणाल्या, हंड्याखाली परात ठेवते. तेवढं ऐकून मावशींनी मान हलवली आणि विचारलं, "किती झालं आज?"

मी आकडा सांगितला. यंदा मार्चातच जरा खाली गेलं होतं, तेही सांगितलं.

"हाय ना पन?"

"आहे."

मे महिन्यात गेले तेव्हा मावशी काठी टेकत हॉलपर्यंत यायला लागल्या होत्या. चटईच्या टोकाला बाईंनी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून त्या मालिका संपेपर्यंत थांबायच्या आणि मगच हंडा भरायच्या. मालिका मध्येच बघायला लागल्यामुळे त्यातली सासू कोण आणि सून कोण हे त्यांना कळत नव्हतं, बाई सांगायच्या, आणि त्यांना ते पटायचं नाही. मी टेप गुंडाळत होते तेव्हा वाद दोरावरून चालला होता. जुना दोर कप्पीवर झिजला होता, म्हणून बाईंनी तळेगावच्या बाजारातून नवा आणला होता. नायलॉनचा, निळा. मावशी तो बोटांत धरून बघत होत्या. हाताला लागतो म्हणाल्या. बाई म्हणाल्या, सवय होईल. मावशी म्हणाल्या, मला व्हईल, पन दोर बदलून ये, सुताचा आन.